दिंडीच्या ट्रकमधला फ्रीज गाडीच्या बॅटरीला जोडू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आषाढीनंतरच्या आठवड्यात आपल्या वाचक-पत्रांत एका वारकरी वाचकाची सूचना आली होती. ज्या दिंडीत इन्सुलिन घेणारी माणसे आहेत तिने सामानाच्या ट्रकमध्ये छोटा फ्रीज ठेवावा, असे त्यांनी लिहिले होते. हे मला शंभर टक्के मान्य आहे. पण पुढे त्यांनी म्हटले होते, 'तो गाडीच्याच बॅटरीला जोडावा, म्हणजे वेगळा खर्च नाही.' ते वाचले आणि २०२३ सालची सासवडची पहाट डोळ्यांसमोर आली. त्या सूचनेप्रमाणे पुढच्या वर्षी चार दिंड्यांनी जरी केले, तरी चार ट्रक कुठेतरी अडकतील आणि फ्रीजवर कायमचा ठपका बसेल. म्हणून हे पत्र लिहितो आहे. लांब आहे, पण आकडे गाळून छापू नये ही विनंती.

मी एसटीच्या कार्यशाळेत ३१ वर्षे गाड्यांचे वायरिंग, सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) आणि बॅटऱ्या सांभाळल्या. निवृत्त होऊन पाच वर्षे झाली. आळंदी ते पंढरपूर पायी वारी करू लागलो त्याला पंधरा वर्षे होतील. सौ. २०१४ पासून सोबत असतात. त्यांना २०१८ पासून इन्सुलिन सुरू आहे, सकाळी २२ आणि रात्री १४ युनिट. २०२० आणि २०२१ ही करोनाची दोन वर्षे पायी वारी झाली नाही, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. २०२२ साली वाट पुन्हा मोकळी झाली तेव्हा सौ. चालतील की नाही, हाच प्रश्न होता. डॉक्टरांनी चालण्याला परवानगी दिली, पण दोन गोष्टी बजावल्या. गोळ्या-इंजेक्शन चुकवू नका, आणि इन्सुलिन उन्हात तापू देऊ नका.

हिशेब साधा आहे. दिवसाला ३६ युनिट म्हणजे अठरा दिवसांत साधारण ६५० युनिट लागतात. आपल्याकडे मिळणाऱ्या ४० च्या (मिलिलिटरला ४० युनिट) कुपीत ४०० युनिट असतात, म्हणजे दोन कुप्या हव्यात, आणि एखादी फुटलीच तर हाताशी तिसरी. न उघडलेली कुपी २ ते ८ अंशांत ठेवायची असते. वापरात काढलेली कुपी चारेक आठवडे बाहेर चालते असे सांगतात आणि ते खरे आहे, पण 'बाहेर' म्हणजे २५, फार तर ३० अंश. बरड-नातेपुत्यांच्या बाजूला पाऊस नसला की पत्र्याच्या ट्रकमध्ये दुपारी किती तापते, हे ज्याने तिथे पिठाची पोती उतरवली आहेत त्याला विचारा. मी थर्मामीटर ठेवून पाहिले आहे, ४६ अंश होते. खांद्यावरच्या पिशवीतसुद्धा उन्हात कुपी कोमट लागते. काही जण मातीचे मडके आणि ओले फडके वापरतात. कोरड्या हवेत ते छान गार राहते, पण आषाढाच्या दमट हवेत फडके वाळतच नाही, आणि फडके वाळले नाही तर मडके गार कशाने होणार?

आमच्या दिंडीत १८० माणसे आहेत. २०२२ साली चौकशी केली तेव्हा इन्सुलिन घेणारे अकरा निघाले. त्यांतले सहा जण कोणाला सांगत नव्हते. बायका तर कुपी पदरात बांधून किंवा धान्याच्या डब्यात लपवून आणत होत्या. वारीत आजाराचे नाव काढू नये, अशी एक समजूत आहे.

त्या वर्षी आम्ही थर्माकोलची पेटी आणली आणि वाटेत मिळेल तसा बर्फ भरत गेलो. लोणंदला एका आक्कांची कुपी बर्फाच्या लादीखाली गेली आणि रात्रभर गोठली. सकाळी वितळली तेव्हा वरून ठीक दिसत होती, म्हणून त्यांनी तीच टोचून घेतली. त्यांचे इन्सुलिन दुधासारखे गढूळ जातीचे होते. ते नीट असेल तर हातात हळू फिरवल्यावर एकसारखे होते. गोठून गेलेल्यात दाणे राहतात आणि काचेला पांढरे चिकटते. हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हते. पाच-सहा दिवसांनी माळशिरसच्या अलीकडे त्यांना भोवळ आली. आरोग्य पथकाच्या तंबूत रक्तातली साखर तपासली तर चारशेच्या वर. त्या बऱ्या झाल्या, पण पंढरपूरला जीपने गेल्या, वाखरीचे रिंगण चुकले. त्या वाटभर रडत होत्या असे त्यांच्या सुनेने सांगितले. उष्णतेने इन्सुलिनची ताकद हळूहळू उतरते, पण एकदा गोठले की ते गेलेच. ते परत नीट होत नाही, फेकूनच द्यावे लागते. बर्फाची पेटी वापरणाऱ्या प्रत्येकाला हे कळायला हवे.

बाजारात 'कार फ्रीज' म्हणून दोन-चार हजारांत एक पेटी मिळते. तिला पंखा असतो आणि गरम-थंड असे बटण असते. तिच्यात कॉम्प्रेसर नसतो, नुसती विजेवर गार होणारी चकती असते. बाहेरच्या हवेपेक्षा पंधरा-वीस अंश खाली एवढीच तिची धाव. बाहेर ३८ असेल तर आत वीस-बावीस. वर ती पन्नासेक वॅट सतत ओढते, मध्ये थांबत नाही. इन्सुलिनसाठी तिचा उपयोग नाही. विकत घेताना आत कॉम्प्रेसर आहे का, एवढेच विचारावे.

आता सासवडचे सांगतो.

२०२३ साली आळंदीहून प्रस्थान ११ जूनला झाले. पावसाचा पत्ता नव्हता. माझा भाचा सुट्टीत मित्रांबरोबर गाडी घेऊन लांब फिरायला जातो, त्याच्याकडे १८ लिटरचा कॉम्प्रेसरवाला फ्रीज होता. "मामा, मामीसाठी घेऊन जा," म्हणून त्याने तो दिला आणि आळंदीला येऊन ट्रकमध्ये जोडूनही दिला. मोठ्या ट्रकची यंत्रणा २४ व्होल्टची असते, १२-१२ च्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या. फ्रीजची वायर त्याने त्यातल्या एकाच बॅटरीवरून घेतली. मी तेव्हा पुढे दर्शनबारीत होतो. संध्याकाळी पाहिले आणि मला ते खटकले होते. तरी पुण्यापर्यंत चालले, म्हणून मी बोललो नाही. ३१ वर्षे हेच काम केलेल्या माणसाने तिथे गप्प बसायला नको होते.

अशा फ्रीजमध्ये बॅटरी फार उतरू नये म्हणून एक सोय असते. हाय, मीडियम, लो अशा तीन पायऱ्या असतात. हायवर ठेवले की बॅटरी थोडी उतरताच फ्रीज स्वतः बंद होतो आणि गाडी सुरू करण्यापुरती ताकद शिल्लक राहते. लोवर तो बॅटरी पार उतरेपर्यंत चालत राहतो. पुण्याच्या मुक्कामात फ्रीज रात्री सारखा बंद पडे, म्हणून कोणीतरी तो लोवर केला. सगळ्यांना वाटले दुरुस्त झाला.

दिवे घाट चढून ट्रक सासवडला लागला. सासवडला माउलींच्या पालखीचे दोन मुक्काम असतात. म्हणजे ट्रक जवळपास चाळीस तास जागचा हलला नाही आणि इंजिन एकदाही सुरू झाले नाही. गरमी अशी की फ्रीजमध्ये कोणी ताकाच्या, कोणी पाण्याच्या बाटल्या कोंबल्या. कॉम्प्रेसर चालू असताना फ्रीज चार अँपिअर घेतो. त्या उन्हात तो निम्मा वेळ चालूच होता, म्हणजे सरासरी दोन अँपिअर. चाळीस तासांचे ८० अँपिअर-अवर (अँपिअर गुणिले तास) झाले, आणि तेही दोनपैकी एकाच बॅटरीतून.

तिसऱ्या दिवशी पहाटे साडेतीनला ड्रायव्हरदादांनी चावी फिरवली तर सेल्फ नुसता 'टक' म्हणाला. पुन्हा 'टक'. ट्रकमध्ये १८० माणसांच्या दुपारच्या जेवणाची शिधासामग्री, शेगड्या, पातेली, सगळे. आमचे आचारी आणि तंबूवाली पोरे त्याच ट्रकने पुढे जाऊन जेवण उरकतात. पालखी एकदा रस्त्याला लागली की मोठ्या गाडीला वाट मिळत नाही, म्हणून पहाटेच निघावे लागते. मी मीटर लावला. एक बॅटरी १२.६ व्होल्ट, दुसरी ११.३. दुसरीत काही उरलेच नव्हते. शेजारच्या दिंडीच्या ट्रकवरून केबल टाकायचा प्रयत्न केला, पण त्यांच्या केबली बारीक, तापून वास यायला लागला. शेवटी पाण्याच्या टँकरच्या ट्रॅक्टरने साखळी लावून ओढले आणि सव्वासहाला इंजिन धरले. तोवर रस्ता माणसांनी भरला होता. त्या दिवशी आमच्या दिंडीला दुपारचे जेवण साडेचारला मिळाले. दिंडीत साठ-सत्तर वर्षांची माणसे आहेत. उपाशीपोटी जेजुरीची वाट चालताना दोघांना चक्कर आली आणि त्यातले एक साखरेचेच रोगी होते. ज्यांच्यासाठी फ्रीज आणला त्यांच्यावरच ती वेळ आली.

दिंडीप्रमुख महाराजांनी तिथेच फ्रीज बंद करायला सांगितला. त्यांचे काही चुकले नाही. पुढचे बारा दिवस सौ.चे इन्सुलिन ओल्या फडक्यात होते आणि मी रात्री दोनदा उठून ते फडके भिजवत होतो.

आपल्या वाचकाने 'वेगळा खर्च नाही' म्हटले आहे, म्हणून मेकॅनिकच्या भाषेत सांगतो. गाडीची बॅटरी इंजिन सुरू करण्यासाठी असते. दोन-चार सेकंद शेकडो अँपिअर द्यायचे आणि लगेच अल्टरनेटरने (इंजिनावर चालणाऱ्या जनरेटरने) ते भरून घ्यायचे, एवढ्यासाठी तिच्या प्लेटा पातळ आणि भरपूर असतात. तिच्यातून थोडे थोडे करून दिवसभर काढत राहिले, की प्लेटांवर पांढरे धरते आणि ती मुदतीच्या कितीतरी आधीच बाद होते. २४ व्होल्टच्या जोडीतल्या एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट घेतले तर आणखी वाईट. गाडी चालताना अल्टरनेटर दोघींना मिळून चार्ज देतो. जी रिकामी आहे ती अर्धीच भरते आणि जी भरलेली आहे ती उकळून पाणी टाकते. आमच्या त्या ट्रकच्या दोन्ही बॅटऱ्या दिवाळीपर्यंत गेल्या. त्यांचे पैसे दिंडीने भरले.

आणि वारीतला ट्रक चालतोच किती? एका मुक्कामाहून दुसऱ्यापर्यंत पंधरा-वीस किलोमीटर, म्हणजे दिवसात एखादा तास इंजिन सुरू. लांब पल्ल्याच्या गाडीला जमते म्हणून वारीच्या ट्रकला जमेल, असे नाही. भाच्याच्या सहलीत गाडी रोज सात-आठ तास पळते, म्हणून त्याला कधी अडचण आली नाही.

म्हणून २०२४ च्या वारीआधी मी मे महिन्यात कराडला घराच्या गॅलरीत फ्रीज मांडला आणि मोजमाप केले. आत पाच अंश, बाहेर दुपारी ३८. चोवीस तासांत ३६० वॅट-अवर लागले. घरच्या मीटरवरचे एक युनिट म्हणजे १००० वॅट-अवर. म्हणजे फ्रीज दिवसाला युनिटचा तिसरा हिस्सा घेतो आणि थोडे वर. फ्रीजच्या पाटीवर ६० वॅट लिहिले होते. तो आकडा धरून चोवीसने गुणले तर १४४० येतात आणि माणूस घाबरून विचार सोडून देतो. कॉम्प्रेसर मध्ये मध्ये थांबतो हे लक्षात घ्यावे लागते. पावसाळी हवेत तोच फ्रीज २२० वर आला.

मग बॅटरी घेतली ती लिथियम आयर्न फॉस्फेटची, १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-अवर, म्हणजे १२८० वॅट-अवर. त्यातले साडेअकराशे बिनधास्त वापरता येतात, म्हणजे तीन दिवस काही भरले नाही तरी चालते. तेवढ्याच ताकदीची शिशाची बॅटरी दोन माणसांनी उचलावी लागते आणि तिच्यातले निम्मेच वापरायचे असते. ही बारा-तेरा किलोची आहे, सौ. सुद्धा उचलतात. ज्यांना जोडजोड नको त्यांच्यासाठी तयार पेटीही मिळते, तिला हल्ली पॉवर स्टेशन म्हणतात. बॅटरी, चार्जर आणि प्लग तिच्यात एकत्रच असतात. तीही चालेल. फक्त पेटीवर वॅट-अवर पाहून घ्या. आमच्या दिंडीतला एक मुलगा '६०,००० एमएएच'ची पॉवर बँक घेऊन आला, "काका, यावर चार दिवस चालेल." त्या आकड्याला ३.७ व्होल्टने गुणून हजाराने भागायचे असते. येतात २२२ वॅट-अवर, आणि त्यातलेही सगळे हाती लागत नाहीत. आमचा फ्रीज उन्हाळ्याच्या दिवशी त्यावर चौदा तास चालला नसता. मुलाने पदरचे पैसे घालून भक्तीने आणली होती, त्याला फसवले ते खोक्यावरच्या छापाने. विकणाऱ्यांनी वॅट-अवर ठळक छापावे आणि फ्रीजवाल्यांनी ४० अंशांच्या हवेत चोवीस तासांचा विजेचा खप किती ते छापावे. यासाठी आपल्या दैनिकाने जरूर लिहावे.

बॅटरी उत्तम असूनही २०२४ साली पहिले तीन दिवस आम्ही हैराण होतो. बॅटरी पूर्ण भरलेली आणि फ्रीज मात्र 'बॅटरी कमी' दाखवून बंद. बॅटरी मी पुढे केबिनमध्ये ठेवली होती, फ्रीज मागे, मध्ये सहा मीटर वायर. वायर फ्रीजबरोबर आलेल्या जातीची, बारीक. मीटर लावला तर बॅटरीपाशी १३.१ आणि फ्रीजपाशी, कॉम्प्रेसर सुरू होताना, साडेअकरा. दीड व्होल्टच्या वर वायरीतच जिरत होते. पुण्याच्या दुसऱ्या मुक्कामाला तपकीर गल्लीत जाऊन चार चौरस मिलिमीटरची वायर आणि चांगल्या थिंबल (वायरीच्या टोकाला बसवायचे धातूचे तुकडे) आणल्या, बॅटरी उचलून फ्रीजशेजारी नेली, वायर दीड मीटरची केली. त्यानंतर फ्रीज एकदाही बंद पडला नाही. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात १५ अँपिअरचा फ्यूज मात्र हवाच. वायर कुठे घासली तर आग लागण्याआधी फ्यूज उडाला पाहिजे.

कोणी इन्व्हर्टर लावून घरगुती प्लगने फ्रीज चालवतात. १२ चे २३० करायचे आणि फ्रीजच्या अॅडॉप्टरने पुन्हा त्याचे १२ करायचे, यात वीज फुकट जाते. इन्व्हर्टर नुसता चालू राहण्यासाठीच दहाएक वॅट खातो, म्हणजे दिवसाचे २४० वॅट-अवर. पावसाळी हवेत फ्रीजला जेवढे लागते, जवळपास तेवढेच. १२ व्होल्टच्या टोकावरून थेट जोडावे.

एके दिवशी तरडगावला फ्रीजचा खप अचानक पाचशेवर गेला. पाहिले तर त्याच्या जाळीवर कोणीतरी वळकट्या रचल्या होत्या, गरम हवा बाहेर पडायला जागाच नव्हती. तेव्हापासून फ्रीजभोवती लाकडी फळ्यांचा पिंजरा केला आहे, सगळ्या बाजूंनी वीतभर मोकळे. आत कुप्या एका प्लास्टिकच्या डब्यात, डबा सुती फडक्यात, भिंतीला आणि तळाला टेकू न देता मधोमध ठेवतो. अशा फ्रीजची भिंत मधल्या भागापेक्षा गार असते आणि आकडा पाच दाखवत असला तरी भिंतीला टेकलेली कुपी गोठू शकते. त्यासाठी आत वेगळा थर्मामीटर आहे, सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त अंश लक्षात ठेवणारा. रोज सकाळी मी वहीत लिहितो. ताक, पाणी, काहीही आत ठेवायचे नाही. कुलूप माझ्याकडे आणि दुसरी चावी सौ.कडे.

बॅटरी भरण्याची सोय वारीत आपोआप होते, फक्त आधी ठरवून ठेवावी लागते. मुक्कामी संध्याकाळी कीर्तनासाठी जनरेटर सात ते अकरा चालतो. २० अँपिअरच्या चार्जरने त्या चार तासांत बॅटरी बहुतेक भरते. ज्या रात्री जनरेटर नसतो तेव्हा गावातले लोक देतात. फलटणजवळच्या एका घरी आम्ही बॅटरी घेऊन गेलो तर तिथल्या माउलींनी आमची बॅटरी देवघरातल्या बोर्डाला लावली, कारण घरात तेवढाच प्लग तीन पिनांचा होता, आणि चार्जरची हिरवी लाइट लागेपर्यंत आम्हाला पिठलं-भाकरी वाढली. केबिनच्या टपावर १०० वॅटचे सोलर पॅनेलही लावून पाहिले. स्वच्छ ऊन असले तर दिवसाचा खप भागतो, ढगाळ दिवशी शंभर वॅट-अवरसुद्धा मिळत नाहीत. आषाढात त्यावर भिस्त ठेवू नये.

आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. दिंडीच्या ट्रकमध्ये गॅसच्या टाक्या असतात. बॅटरी, फ्यूज, फ्रीज यांतले काहीही टाक्यांच्या जवळ नको. आमच्याकडे टाक्या मागच्या फाळक्यापाशी आणि फ्रीज केबिनला लागून, मध्ये पिठाच्या पोत्यांची भिंत असते. ट्रक उतरवताना टाक्या सगळ्यांत आधी खाली येतात. चार्जिंग नेहमी ट्रकबाहेर, तंबूत, कोणी जागे असताना.

यंदा २०२५ साली पाऊस लवकर आला आणि वाट बरीचशी ओली होती. अकरा जणांचे पंधरा झाले, कारण लपवणारे पुढे आले. रोज पहाटे चारला आणि रात्री हरिपाठ झाल्यावर फ्रीजपाशी छोटी रांग लागते. सौ. एकेकाची कुपी काढून देतात. प्रत्येक कुपीवर चिकटपट्टीने नाव लिहिलेले असते. ज्या आक्कांचे इन्सुलिन लोणंदला गोठले होते त्या यंदा पूर्ण चालल्या. वाखरीच्या रिंगणात अश्व दौडत गेला तेव्हा त्यांनी सौ.चा हात इतका घट्ट धरला होता की बांगडीचा वळ दुसऱ्या दिवशीही होता.

खर्चाचे सांगतो, कारण मूळ पत्रात प्रश्न खर्चाचाच होता. फ्रीज, बॅटरी, चार्जर, वायर, फ्यूज आणि फळ्या धरून आम्हाला ५८ हजार पडले. १८० जणांत वाटले तर माणशी सव्वातीनशेच्या आत आले, आणि ते एकदाच. दिंडीची भिशी भरणाऱ्याला हे जड नाही. बॅटरी अनेक वर्षे पुरेल. उरलेल्या वर्षात ती रिकामी पडून राहत नाही, आमच्या वस्तीतल्या लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत तिच्यावर पंखा आणि दिवा लागतो.

आता मागणे. दरवर्षी वारीत रेनकोट, चपला, बिस्किटे वाटणारे दाते पुष्कळ आहेत आणि त्यांचे उपकार आम्ही विसरत नाही. त्यांच्यातल्या काहींनी एखाद्या दिंडीला फ्रीज-बॅटरीची अशी एक जोडी द्यावी. द्यायच्या आधी त्या दिंडीत बॅटरी समजणारा एक माणूस आहे का, ते विचारावे. प्रत्येक दिंडीत एखादा ड्रायव्हर, वायरमन, ट्रॅक्टरवाला असतोच, त्याच्यावर सोपवावे. पालखीतळांचे नियोजन करणाऱ्यांनी प्रत्येक तळावर, फ्यूज आणि अर्थिंगसह, औषधांच्या बॅटरीसाठी दोन प्लगचा एक बोर्ड ठेवावा. मोबाईलसाठी अशी सोय जागोजागी दिसते, त्याच खांबावर हे होईल. आणि आरोग्य पथकांनी साखर तपासताना 'इन्सुलिन कुठे ठेवता?' एवढा एक प्रश्न विचारावा. साखर वाढलेल्या माणसाचा डोस वाढवण्याआधी त्याची कुपी उजेडात धरून पाहावी.

कराड, पाटण, उंब्रज भागातल्या ज्या दिंड्यांना पुढच्या वारीसाठी अशी जोडणी करायची असेल त्यांनी मला आपल्या दैनिकाच्या कराड कार्यालयामार्फत निरोप द्यावा. दिवाळीनंतर मी मोकळा असतो. फ्रीज आणि बॅटरी तुम्ही आणा. वायर, थिंबल, फ्यूज मी लावून देईन आणि चोवीस तास मीटरवर चालवून तुमच्या फ्रीजचा खरा आकडा लिहून देईन. कामाचे पैसे घेणार नाही. ट्रक २४ व्होल्टचा आहे की १२ चा, ते मात्र येण्यापूर्वी ड्रायव्हरना विचारून यावे.

कृपया माझे नाव छापू नये. सौ. सध्या एका विवाहाच्या घरी मदतीला गेल्या आहेत. त्यांच्या आजाराची चर्चा तिथे होऊ नये, असे त्यांचे म्हणणे आहे. हे पत्र मात्र त्यांनी वाचून मग पाठवायला सांगितले.

आपला,
एक वारकरी वाचक
(निवृत्त वाहन वीजतंत्री), कराड